भांडी घासणाऱ्यांची यादी

२५ नोव्हेंबर, सोमवार

रक्तदाब १५८/९४. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "आकड्याशेजारी दिवस कसा गेला तेही लिहीत जा ग्लेनिस, म्हणजे कशाने चढतो ते कळेल." कशाने चढतो ते मला आजच कळलं. वही इथेच बंद करायला हरकत नव्हती, पण नवी कोरी आहे, फुकट कशाला घालवा.

दुपारी तीनला तीसेक विद्यार्थी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरले, दुसऱ्या मजल्यावरच्या सभेच्या दालनात गेले आणि आता इथून हलणार नाही म्हणून बसले. त्या इमारतीची पोर्टर मी. किल्ल्या, दारं, गेलेले बल्ब, विसरलेल्या छत्र्या, सगळं माझ्या गळ्यात. त्या दालनातल्या ओकच्या टेबलावर कोणी नुसता कप ठेवला तरी सत्तावीस वर्षं मी धावत जाऊन खाली बशी सरकवत आलेय. आज एक पोरगं त्यावर मोजे वाळत घालत होतं.

मागणी काय, तर विद्यार्थ्यांना शिकायला दिलेली कर्जं सरकार खाजगी कंपन्यांना विकतंय. नव्वदच्या दशकातली जुनी कर्जं विकून झाली, आता पुढचीही विकायची आहेत. आमच्या कुलगुरूंनी या विक्रीला विरोध असल्याचं जाहीर पत्र काढावं, मग उठू. मला विचाराल तर कर्ज काढलं की फेडायचं; घेणारं सरकार असो नाहीतर कंपनी. मी मार्चमध्ये निवृत्त होतेय. मला काय त्याचं?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

१६०/९५. इमारत विभागाचे प्रमुख लोमॅक्स सकाळी माझ्या खोलीत आले. दीड वर्षापूर्वी लंडनहून आलेत, बूट फार चकाकतात. मला ब्रेंडा म्हणतात. ब्रेंडा या दारावर माझ्या आधी होती, ती कधीच स्पेनला जाऊन उन्हात बसली. दोन-तीनदा दुरुस्त केलं, मग नाद सोडला.

"ब्रेंडा, आगीचा नियम आहे. लोक आत असेपर्यंत दाराशी आपलं एक माणूस हवं. आत खुर्ची टाकून बस, आठ ते सहा. बोलायचं नाही, फक्त बघायचं."

बघितलं. पोरं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. नाव कळलं तर विद्यापीठ कारवाई करेल, म्हणून प्रत्येकाने एकेका बिस्किटाचं नाव घेतलंय. ठेंगण्या, कुरळ्या केसांच्या मुलीला जिंजर नट म्हणतात. मोजेवाला कस्टर्ड क्रीम. एक लांबलचक पोरगा बोर्बन. "बोर्बन, खिडकी लाव रे!" असं कोणी ओरडलं की हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखतात. मी मात्र सरळ समोर बघत राहिले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

यांच्या सभेची गंमत लिहायलाच हवी. मत द्यायचं तर हात वर करत नाहीत, दोन्ही पंजे हवेत हलवतात, ओली नेलपॉलिश वाळवावी तसे. एकाचे जरी पंजे खाली असले तरी ठराव होत नाही. त्याला का पटलं नाही ते सगळे ऐकतात. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर आज एक तास दहा मिनिटं गेली. मी घड्याळ लावलं होतं.

पण एक सांगते. त्यांच्यात एक मुलगा बोलताना अडखळतो. एकेका शब्दाशी झटत होता बिचारा, आणि जिंजर नटने कोणालाही मध्ये तोंड घालू दिलं नाही. तो पुरता बोलून होईपर्यंत खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. याच दाराशी उभं राहून मी मोठमोठ्या लोकांच्या सभा ऐकल्यात. तिथे कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं मला आठवत नाही.

किटली पोर्टरांच्या खोलीतली नेऊन दिली. त्यांची गळत होती आणि लाकडी फरशी खराब झाली असती, म्हणून.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटी बोललेच. जिंजर नट चहा घेऊन आली, माझ्या खुर्चीशेजारी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "ग्लेनिस, तुम्हाला आमचा राग येतो का?" छातीवरचा बिल्ला वाचून पहिल्याच दिवसापासून ती मला नावाने हाक मारते.

"राग टेबलावरच्या डागाचा येतो. कर्ज घेतलंत, फेडा की."

"फेडणारच. पण कोणाला? सही केली तेव्हा समोर सरकार होतं, अटी सरकारने घातल्या होत्या. पगार कमी असेल तर थांबू म्हणाले होते. कंपनी का थांबेल? तिने ते कर्ज नफ्यासाठी विकत घेतलंय. नफा निघणार कुठून? आमच्यातूनच ना?"

"मग सरकारला जाऊन सांगा. माझं टेबल कशाला अडवलंय?"

"सांगितलं हो. सरकार म्हणतं, तुम्हाला काय फरक पडतो? म्हणून आम्हाला कोणीतरी मोठं माणूस हवंय, फरक पडतो असं म्हणणारं." मग म्हणाली, "जुनी कर्जं विकली तेव्हा त्या लोकांना कोणी विचारलंसुद्धा नाही. आता त्यांना अशा कंपनीची पत्रं येतात जिचं त्यांनी नावही ऐकलेलं नाही. कित्येकांची तर आईबापांच्या जुन्या पत्त्यावर जातात."

बाई मोठी हुशार आहे. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या वर्षी शिक्षकीच्या प्रशिक्षणाला जागाही मिळालीय. ग्रिम्सबीची. वडील माशांच्या गोदामात, घरात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच. हे सगळं मी न विचारताच तिने सांगून टाकलं. आणि म्हणे नाव गुप्त!

१ डिसेंबर, रविवार

१५२/९०. जोआनचा फोन. या रविवारीही येत नाही म्हणाली. लेक हल शहरात राहते, तिथून इथे यायची ती गाडीने, तर गाडीच विकून टाकली म्हणे. "चालणं तब्येतीला बरं असतं, आई." सदतिसाव्या वर्षी हिला तब्येत आठवली. शाळेत अर्धवेळ संगीत शिकवते, त्यात मिळून मिळणार किती? पण गाडी विकण्याइतकं काय झालं ते विचारलं तर म्हणे काही नाही. मला वाटतं तो नवा मित्र तिच्या डोक्यात खूळ भरवतोय.

तिच्या नावाचं आणखी एक जाडजूड पाकीट आलं. जाहिरातवाले माणसाचा पिच्छा सोडत नाहीत. पोरीने घर सोडून जमाना झाला तरी यांचं आपलं चालूच. आधीची तीन पावाच्या डब्यामागे आहेत, तिथेच खोचलं.

२ डिसेंबर, सोमवार

१६६/९८. लोमॅक्सनी वर बोलावलं. खुर्ची दिली, बिस्किट दिलं. तेव्हाच ओळखलं, काहीतरी हवंय.

"ब्रेंडा, वकील म्हणतात कोर्टात अज्ञात व्यक्तींवर दावा लावता येतो. पण मग खर्च कोणाकडून वसूल करणार? निदान एक नाव हवं. एकाला विद्यापीठातून काढलं, खर्च त्याच्या माथी मारला, की बाकीचे आपोआप घरी. ती कुरळ्या केसांची मुलगी म्होरकी दिसते. तुझ्या कानावर काहीतरी आलंच असेल. बुधवारपर्यंत दे."

"नाही दिलं तर?"

"मार्चमध्ये जातेयस ना? निरोपसमारंभ नीट व्हायला हवा," म्हणाले, आणि हसले. निवृत्तीच्या वेळी मिळणारी रक्कम यांच्याच सहीने मिळते.

खाली येऊन खुर्चीत बसले आणि समोर बघितलं. आठ दिवस रोज बघत होते, पण दिसलं आज. दालनाला लागून चहाची छोटी खोली आहे. तिच्या दारावर कागद चिकटवलाय: भांडी घासण्याच्या पाळ्या. कोणी अंग चोरू नये म्हणून या गाढवांनी त्यावर आपापली खरी नावं लिहिली आहेत. दोन टॉम आहेत म्हणून आडनावांसकट! मंगळवार सकाळ: टॅमसिन प्राउट. शेजारी हसरा चेहरा काढलाय, कुरळे केस दाखवून. विद्यापीठापासून लपायला बिस्किटं झाली, आणि कप कोणी विसळायचे यात घोटाळा नको म्हणून नावानिशी सह्या! जगात दुसरीकडे कुठे कोणी असा मूर्खपणा करेल असं वाटत नाही. मी कपाळाला हात लावला.

काय करावं सुचत नाही. नावं मी मिळवलेली नाहीत, भिंतीवर आहेत. सांगितलं तर चुगली होते का? सत्तावीस वर्षं मी सांगितलेलं काम केलंय.

३ डिसेंबर, मंगळवार

आज आकडा घेतला नाही.

दुपारी टॅमसिनला सहज विचारलं, ती जुनी कर्जं विकत घेणारी कंपनी कुठली? तिने नाव सांगितलं. तेच नाव मी रविवारी पावाच्या डब्यामागे खोचलं होतं.

घरी जाऊन चारही पाकिटं टेबलावर ठेवली आणि जोआनला फोन केला. कंपनीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "उघड आई, वाच." वाचलं. पगार कमी असेल तर दर वर्षी एक अर्ज भरून हप्ते पुढे ढकलता येतात; पंधरा वर्षं ती तो भरत आलीय. नव्या कंपनीने अर्ज इथे पाठवला, जुन्या पत्त्यावर. मुदत ऑक्टोबरात गेली. मग स्मरणपत्र, मग ताकीद, मग सगळी रक्कम एकदम भरा. मधल्या काळात तिला फोन यायचे, शाळेतसुद्धा. गाडी त्यांचे पैसे भरण्यातच गेली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुझा रक्तदाब, आई. आणि तूच म्हणतेस, कर्ज घेतलं की फेडायचं. मला लाज वाटली."

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पावाच्या डब्यामागे पडली होती ती पत्रं. मी स्वतः ठेवली. आज इतकंच.

४ डिसेंबर, बुधवार

सातलाच गेले. पोरं झोपण्याच्या पिशव्यांत गुरफटून घोरत होती. भांड्यांचा कागद काढला, बारीक फाडला आणि संडासात टाकून पाणी ओढलं. मग नवा कागद घेऊन रेघा मारल्या आणि प्रत्येक चौकटीत, सकाळ-दुपार-संध्याकाळ, माझं नाव लिहिलं. ग्लेनिस हॉलरॉइड. एकवीस वेळा.

टॅमसिन उठून आली. दार बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पोरीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"कोणी वाचलं होतं का ते?"

"मी."

"कोणाला..."

"बाळ, पुढच्या वेळी क्रांती करताना कप कागदाचे आण."

तिने मला मिठीच मारली. मला ते आवडत नाही. तरी दोन-तीन मिनिटं तशीच उभी राहिले. तिला ढकलणं बरं दिसलं नसतं.

दहा वाजता कागद उतरवून लोमॅक्सच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं बघतील, भडकतील, मला घरी पाठवतील, आणि एकदाचं संपेल. तर त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि टेबलावर थाप मारली. "ग्लेनिस हॉलरॉइड! सगळीकडे तीच! म्हणजे हीच ती म्होरकी. शाबास ब्रेंडा!" आणि कागद तसाच वकिलांकडे.

मी जिना उतरून खाली येईपर्यंत हसू दाबून धरलं. नंतर मात्र पोर्टरांच्या खोलीत दार लावून इतकी हसले की कुबड्या घेऊन आलेल्या एका प्राध्यापकांनी बरं आहे ना म्हणून विचारलं.

मी खोटं लिहून देणारी बाई नाही. नाव माझं आहे तर भांडी मीच घासायला हवीत. दुपारपासून घासतेय.

५ डिसेंबर, गुरुवार

बहात्तर कप. कस्टर्ड क्रीम लोळत विचारत होता, पुसायला येऊ का? म्हटलं, पुसण्याबद्दल यादीत काही नाही, ये. पुसता पुसता त्याने मला त्याच्या आजीबद्दल सांगितलं. चांगला मुलगा आहे. मोजे आता खिडकीत वाळत घालतो.

६ डिसेंबर, शुक्रवार

कोर्टाचा कागद आला. दावा अज्ञात व्यक्तींवर असला की तो दारावर चिकटवावा लागतो, आणि इमारतीच्या दारांवर कागद चिकटवणं माझं काम. पहिली प्रतिवादी: ग्लेनिस हॉलरॉइड. दुसऱ्या: अज्ञात व्यक्ती. सुनावणी सोमवारी साडेदहाला. मी पट्टी लावून, पातळी बघून, चारी कोपरे दाबून तो चिकटवला. वाकडा कागद मला खपत नाही.

टॅमसिनने वाचला आणि माझ्या दंडाला धरलं. "वकिलांना फोन करा ना ग्लेनिस! एक फोन केलात तर नाव काढतील तुमचं."

"काढतील. आणि त्या जागी घालायला दुसरं शोधतील. आज शुक्रवार आहे, सोमवारी साडेदहानंतर त्यांना वेळ उरणार नाही."

"पण तुमची निवृत्तीची रक्कम?"

"तू जाऊन तुझी बेरीज कर. माझी मी करते."

फार ताठ बोलले मी. खरं म्हणजे घरी येऊन ती बेरीज दोनदा केली.

८ डिसेंबर, रविवार

१७०/१००. भीती वाटते. तीन महिने राहिले होते. गुपचूप काढले असते तर काय बिघडलं असतं? फोन तीनदा उचलून ठेवला.

दुपारी जोआन बसने आली. आल्याचा केक केला होता, तो खाता खाता तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग केकवर केक खाल्ला. "माझ्यासाठी केलंस ना आई?" म्हणाली. म्हटलं, तुझ्यासाठी कसलं? त्या मुलांना कप नीट घासता येत नव्हते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला उठून सिंकपाशी जावं लागलं. सोमवारी सुट्टी काढून थांबते म्हणाली.

९ डिसेंबर, सोमवार

गणवेश इस्त्री करून घातला. दुसरं चांगलं काही नाही.

न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. "ग्लेनिस हॉलरॉइड हजर आहेत का?" मी उठले. पुढच्या बाकावरून लोमॅक्स वळून फुसफुसले, "ब्रेंडा, खाली बस, काय करतेस?" मी उभीच राहिले. मग त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. दीड वर्षात पहिल्यांदा.

"तुम्ही त्या दालनात होतात?"

"हो. रोज आठ ते सहा."

"कोणाच्या परवानगीने?"

"विद्यापीठाच्या. खुर्चीसुद्धा त्यांनीच दिली, पगारही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विद्यापीठाच्या वकिलाकडे पाहिलं. "तुम्ही स्वतःच्या माणसावर घुसखोरीचा दावा लावलाय?" वकील लोमॅक्सकडे बघायला लागला, लोमॅक्स बुटांकडे.

"हा यादीतला मजकूर खरा आहे?" बाईंनी मला विचारलं.

"बुधवारपासून पुढचा अक्षरशः खरा आहे. कप मीच घासलेत."

"आणि तुम्हाला काही सांगायचंय?"

मला काही सांगायचं नव्हतं. पण मागे जोआन बसली होती. म्हटलं, "माझ्या मुलीने शिकण्यासाठी सरकारकडून कर्ज घेतलं. तिने सरकारवर भरवसा ठेवला होता. ते तिला न विचारता दुसऱ्याला विकलं आणि आता तो दुसरा तिला तिच्या वर्गात फोन करतो. त्या दालनातली मुलं म्हणतात हे थांबवा. मी सत्तावीस वर्षं त्या दाराशी उभी आहे, बाईसाहेब, आणि आत इतकं शहाणपणाचं बोलणं मी याआधी ऐकलं नव्हतं." एवढं बोलून बसले.

त्या म्हणाल्या, कोर्टापुढे विषय फक्त जागेचा आहे. माझं नाव दाव्यातून काढलं. अज्ञात व्यक्तींनी पाचपर्यंत दालन रिकामं करावं. खर्च कोणाकडूनही नाही, कारण नाव कोणाचंच नाही.

बाहेर लोमॅक्सनी मला चौकशी होईपर्यंत निलंबित केलं. पगार चालू, बाकी रकमेचं नंतर बघू. मी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. घरची किल्लीही त्याच जुडग्यात होती, ती परत मागून घ्यावी लागली.

पाचला मुलं खाली उतरली. मी फाटकाबाहेर जोआनबरोबर उभी होते. एकालाही कोणी अडवलं नाही, नाव विचारलं नाही. बोर्बनने मला सलाम केला. टॅमसिन सगळ्यांत शेवटी आली, पाठीवर बिछाना, डोळे सुजलेले. कुलगुरूंनी पत्र काढलेलं नाही.

"हरलो," म्हणाली.

"सगळी कर्जं विकून झाली का?"

"नाही. अजून नाही."

"मग रडतेस काय? पुढे काय करायचं ठरलंय?"

"उद्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर पत्रकं वाटायची आहेत. पण तुम्ही..."

"मी भरपगारी रिकामी आहे. आणि ही जोआन, हिची चार पाकिटं आहेत, ती लोकांना दाखवायला तयार आहे. किती वाजता?"

तिने नाक पुसलं. "नऊ."

"आम्ही आठला येतो," मी म्हटलं.